मृत्यूची तारीख : आज

ऋजुता देशिंगकरचं लग्न आठ दिवसांवर आलं असताना तिचे सख्खे काका वारले. बातमी दुःखाची होती, पण घरात आधी उमटलं ते आश्चर्य. कारण ऋजुताला काका नव्हते.

बातमी मोबाइलवर आली, सरकारी निळ्या पट्टीत. "नमस्कार ऋजुता! आपले सख्खे काका श्री. मारुती लखू भंडारे यांच्या निधनाबद्दल शासनास खेद आहे. त्यांची ठेव रुपये सहाशे अकरा आपल्याला देताना शासनास आनंद होत आहे. सुरक्षेच्या कारणास्तव बँकेचे नाव गुप्त. मृत्यूची तारीख : आज." खाली हात जोडलेला एक बाहुला होता. तो आधी रडायचा आणि मग हसायचा.

ऋजुतानं मजकूर आबांना वाचून दाखवला. आबा म्हणजे तिचे आजोबा, मुकुंदराव. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, मिरजेच्या श्री पिंपळेश्वर नागरी सहकारी बँकेतून निवृत्त. ती बँकही पुढे निवृत्त झाली, म्हणजे बुडाली. पण त्यात आबांचा हात नव्हता. ऋजुताचे आई-वडील ती लहान असतानाच गेले, तेव्हापासून आबा आणि आजी हेच तिचं घर. आबांनी मजकूर डोळे मिटून ऐकला, चहाचा कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "सुतक आलं."

"आबा, पण मला काका नाहीतच ना?"

"सरकार म्हणतंय, आहेत."

"आहेत नाही, होते म्हणतंय," आजी स्वयंपाकघरातून म्हणाली. मग हात पुसत दारात आली. "बापाकडचा सख्खा काका म्हणजे तुमचा मुलगा. तो भंडारे कसा झाला?"

"ते मला काय माहीत? मी काही केलेलं नाही."

"मग सुतक कशाचं धरताय?"

"हे बघ, रक्ताचा माणूस गेल्याचं कानावर आलं की सुतक लागतं. रक्त सरकारनं तपासलंय, कान माझे आहेत. उगाच पाळलं तर दहा दिवस जातील. पाळायचं राहून गेलं तर पोरीच्या संसाराला बाधेल."

"म्हणजे कबूल आहे," आजी म्हणाली आणि आत गेली.

लग्न पुढं ढकललं गेलं.

आता इथं थोडं थुंकीबद्दल बोलायला हवं.

पूर्वी बँकेत ठेव ठेवली की पावतीवर एक चिमुकलं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही करायची पद्धत होती. तिकिटाच्या पाठीला वाळका डिंक असे. तो ओला करायला बँकेत स्पंजची डबी ठेवलेली असे आणि स्पंज नेहमी कोरडा असे. म्हणून लोक तिकीट जिभेला लावत. लाळेबरोबर तोंडातल्या काही पेशी डिंकाखाली जात, डिंक वाळला की त्यांच्यावर झाकण बसे, आणि त्या आत पन्नास-पन्नास वर्षं निवांत पडून राहत. पुढं कुणा शास्त्रज्ञांना त्या पेशी वाफेनं अलगद सोडवून त्यांतली गुणसूत्रं वाचायची युक्ती सापडली. त्याच सुमाराला कोर्टानं सरकारला विचारलं, की लोकांच्या विसरलेल्या ठेवींच्या ढिगावर तुम्ही किती वर्षं बसून राहणार? सरकारनं विसरलेल्या ठेवींचं एक संचालनालय काढलं आणि त्याला एक यंत्र घेऊन दिलं. यंत्राचं सरकारी नाव जैविक वारसनिश्चिती प्रणाली. लोक त्याला लाळदर्शी म्हणत.

लाळदर्शी तिकीट वाचायचं आणि आरोग्य नोंदणीशी ताडून बघायचं. गेल्या तीस वर्षांत जन्मलेल्या प्रत्येकाची गुणसूत्रं त्या नोंदणीत होती; त्याआधीच्यांनी मर्जी असेल तर द्यायची. निम्मी जुळली तर आई, बाप किंवा मूल. पाव जुळली तर आजा किंवा काका-मामा. ऋजुताशी पाव जुळली होती. आईकडची माणसं आधीपासून नोंदणीत असल्यामुळं बाजू बापाची ठरली. राहिले आजोबा किंवा काका. पण आजोबांनी तर नोव्हेंबरातच हयातीचा दाखला देऊन पेन्शन चालू ठेवलं होतं. आणि ज्याची ठेव इतकी वर्षं पडून आहे त्याला कायद्यानं मृत मानलेलं. जिवंत माणूस मृत असू शकत नाही. उरले काका. तर्कात बोट ठेवायला जागा नव्हती. खुद्द आबांची लाळ नोंदणीत असती तर एका क्षणात उलगडा झाला असता. पण नोंदणीवाले दारात आले तेव्हा आबांनी त्यांना "मी कुणासमोर थुंकत नाही" असं सांगून सरबत पाजून परत पाठवलं होतं.

आणखी दोन नियम होते. पहिला, लोकांची गुपितं राखण्यासाठी लाळदर्शीनं एक फाइल दुसऱ्या फाइलशी ताडून बघायची नाही. एक वाचायची, कळवायचं, विसरायचं, मग दुसरी उघडायची. दुसरा, वारसाला पैसे देण्याआधी ठेवीदाराला मृत घोषित करायचं. त्यासाठी कायद्याला मृत्यूची तारीख लागे, आणि सगळ्यात पटकन सापडणारी तारीख आजची असे.

देशभर गमतीजमती चालूच होत्या. लातुरात भिंतीवरून भांडणारे दोन शेजारी सख्खे चुलतभाऊ निघाले, आणि आता त्यांचा तोच खटला भाऊबंदकीचा म्हणून चालू होता. पण ते पडले लातूरचे.

मिरजेत दहा दिवस सरले, आबांनी कृष्णेच्या घाटावर जाऊन मारुती लखू भंडारे यांचा दहावा केला, पिंडाला कावळा पहिल्या फटक्यात शिवला. लग्नाची नवी तारीख धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइल वाजला.

"नमस्कार ऋजुता! आपले सख्खे काका श्री. फ्रान्सिस पास्कल डिसोझा यांच्या निधनाबद्दल..."

आजीनं पोळी तव्यावर तशीच टाकली.

"डिसोझा?"

"नाव ओळखीचं वाटतंय खरं," आबा पुटपुटले.

"वाटणारच!" आजी म्हणाली. त्या दिवसापासून ती आबांशी थेट बोलेनाशी झाली. जे बोलायचं ते ऋजुतामार्फत, आबा समोर बसलेले असताना. "ऋजू, त्यांना विचार, आमटी वाढू का. आणि विचार, डिसोझाची आई आमटीत गूळ घालायची का."

तिसरा निरोप आणखी बारा दिवसांनी आला, आणि तो सगळ्यात वाईट होता. "आपले सख्खे काका श्रीमती सुशीला रामचंद्र गोंधळी." खाली बारीक अक्षरात टीप होती : "ठेवीदार जैविकदृष्ट्या पुरुष आहे. नावातील तफावतीची नोंद घेण्यात आली आहे."

"ऋजू, त्यांना सांग," आजी म्हणाली, "पोरगा जन्माला घातला ते घातला, नाव तरी धड ठेवायचं होतं."

आबा उठले. पंचा घेतला आणि नदीवर गेले. ते रोज थोडे खाली बघून चालायला लागले होते, आणि आबांना खाली बघून चालताना मिरजेनं आजवर पाहिलं नव्हतं.

ऋजुताचा होणारा नवरा कैवल्य माळगे जयसिंगपूरचा. डिझेल इंजिनांचा मेकॅनिक, आणि स्वभावानं इतका शांत की इंजिनंसुद्धा त्याच्यासमोर आवाज कमी करत. त्याला अंटार्क्टिकावरच्या संशोधन केंद्रात चौदा महिन्यांची नेमणूक मिळाली होती. येत्या रविवारी तो गोव्याहून निघणार होता. दोघं बसस्टँडसमोर उसाचा रस पीत बसले होते.

"रजिस्टर करून टाकू," कैवल्य म्हणाला. "सुतक रजिस्ट्रारला लागत नाही."

"आबा येणार नाहीत."

"मग?"

"मग काय? बाबा असते तर ते उभे राहिले असते. आता माझ्या मागं उभं राहायला ते एकच आहेत. ते नसताना मी माळ घालणार नाही."

"बरं," कैवल्य म्हणाला. ग्लासातला बर्फ हलवला. "मग चौदा महिन्यांनी. थंडीत वस्तू टिकतात."

"तुला काहीच वाटत नाही का रे?"

"वाटतं ना. कार्यालयाचे मालक काल फोन उचलून 'आता कोण गेलं?' असंच म्हणाले. हॅलोसुद्धा नाही. पण शनिवारचा हॉल अजून ठेवलाय त्यांनी. म्हणाले, शुक्रवारपर्यंत जिवंत राहा."

सुशीलाकाकांचं सुतक बुधवारी फिटलं. त्यांचाही दहावा आबांनी केला. पण घरात कुणी शनिवारचं नाव काढेना, कारण प्रत्येकाला मोबाइलची भीती बसली होती. आबा मात्र पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून अहेराची पाकिटं तयार करत होते. लग्न होवो न होवो, मानाची पाकिटं तयार हवीत, असं त्यांचं मत.

ऋजुता दारात उभी राहून बघत होती. आबा डाव्या हातानं पाकीट उचलत, झाकण जिभेवरून एका सरळ रेषेत नेत, उजव्या अंगठ्यानं दाबत आणि न बघता बाजूच्या गठ्ठ्यावर टाकत. एक थेंब इकडं नाही, एक सुरकुती तिकडं नाही. तोंडानं शुभंकरोति चालू होतं आणि त्यात खंड पडत नव्हता. हे कसं जमत होतं ते देव जाणे. बघता बघता गठ्ठा गुडघ्याएवढा झाला.

"आबा," ऋजुता सावकाश म्हणाली, "हे तुम्ही कुठं शिकलात?"

"हे? बँकेत." आबांची पाठ कितीतरी दिवसांनी ताठ झाली. "लोकांच्या तोंडात तंबाखू, पान, मिश्री. तिकिटं तपकिरी व्हायची, निघून यायची. हेड ऑफिसनं दोनदा ठपका ठेवला. शेवटी मॅनेजरसाहेब म्हणाले, सबंध शाखेत निर्व्यसनी जीभ एकच आहे, देशिंगकरांची. तेव्हापासून पिंपळेश्वरच्या काउंटरवर लागलेलं प्रत्येक तिकीट या जिभेनं लागलं. भंडारे काय, डिसोझा काय..."

आबा थांबले. हातातलं पाकीट हातातच राहिलं.

"गोंधळीबाई काय," ऋजुतानं पुरं केलं.

"दुधाच्या पैशांची ठेव होती तिची," आबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला. "ऋजू, म्हणजे गेला महिना-दीड महिना मी सुतक कुणाचं पाळतोय?"

"तुमचं, आबा."

गुरुवारी सकाळी दोघं कोल्हापूरच्या विभागीय कार्यालयात जाऊन बसले. तिथल्या अधिकारी नदाफ मॅडम चाळिशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. लोकांचे नसलेले नातेवाईक ऐकून घेण्यात त्यांची नोकरी चालली होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि स्क्रीनवर काहीतरी बघितलं.

"तक्रार नोंदवते. सुनावणी पुढच्या वर्षी लागेल."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत निरोप येत राहणार. मला दोन फाइली ताडायची परवानगी नाही, पण मोजायला बंदी नाही. तुझे अजून तीनशेच्या वर काका शिल्लक आहेत. आता यंत्राचा वेग वाढवलाय. उद्यापासून रोज एक."

आबांनी डोक्याला हात लावला.

"दुसरा मार्ग नाही का मॅडम?" ऋजुतानं विचारलं.

"आहे, पण आजवर कुणी वापरलेला नाही. मृत ठेवीदारानं स्वतः यायचं."

आबा उठून काउंटरवर गेले, दिलेलं तिकीट उचललं आणि जिभेवरून एका सरळ रेषेत नेलं. नदाफ मॅडम चष्मा खाली घेऊन बघत राहिल्या. तिकीट यंत्रात गेलं. यंत्रानं शिटी दिली आणि स्क्रीनवरचा बाहुला उड्या मारायला लागला.

"अभिनंदन! मृत ठेवीदार जिवंत सापडले." आणि जिवंत माणसाला स्वतःची सगळी खाती बघायचा हक्क असल्यामुळं खाती एकामागून एक उघडत गेली. भंडारे, डिसोझा, गोंधळी, बागवान, शेटे, खोत. सगळ्यांच्या पुढं मालकाचं नाव एकच : मुकुंद देशिंगकर. शेवटी बेरीज आली. सगळ्याच ठेवी भंडाऱ्यांसारख्या सहाशेच्या नव्हत्या, त्यामुळं ती कोटीच्या घरात होती.

"हे पैसे माझे नाहीत," आबा म्हणाले.

"यंत्राच्या मते तुमचेच आहेत."

"यंत्राला सांगा, मी शिपाई होतो."

"आजोबा," नदाफ मॅडम समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "तुम्ही मालक म्हणालात तर तुम्ही जिवंत. नाही म्हणालात तर परत मृत, आणि उद्यापासून काका चालू. मधलं काही नाही. कायदाच तसा आहे."

ऋजुताला शनिवारचा हॉल दिसला, त्यात कैवल्य दिसला, आणि खरं सांगायचं तर कोटीतला काही भागही दिसला. तो तिनं लगेच नजरेआड केला, पण दिसला.  आबांनी बाकावर बसून पंच्यानं मान पुसली. दुसऱ्याचा पैसा घ्यायचा तर सबंध आयुष्य जी एक गोष्ट सांभाळली ती जाणार, आणि न घ्यावा तर नातीचं लग्न जाणार. त्यांनी पंच्याची घडी घातली. मग उठले.

"मालक जिवंत असला, तर त्याला खातं दुसऱ्या कुणाच्या नावावर करून देता येतं?"

"मालकाची मर्जी. सही करायची, तिकीट लावायचं, झालं."

"मग पहिलं खातं लिहून घ्या. मी मालक आहे, आणि ते मी श्री. मारुती लखू भंडारे यांना देतोय."

"पण भंडारेंचंच खातं ना हे?"

"आत्ता माझं आहे. म्हणून त्यांना देतोय. दुसरं डिसोझांना लिहा."

नदाफ मॅडमनी नियमांचं पुस्तक पुढून वाचलं, मागून वाचलं. अडवणारं कलम कुठंच नव्हतं, कारण असा माणूस येईल असं कलमं लिहिणाऱ्यांना वाटलंच नव्हतं. उलट मालकानं नाव दिलं की त्या नावाचा माणूस किंवा त्याची मुलंबाळं पावतीवरच्या पत्त्यावर जाऊन शोधा, असं स्पष्ट कलम होतं. पत्ता पावतीवर पहिल्यापासून होता. बघायची तरतूद आज लागू झाली.

पहिला कागद समोर आला. आबांनी सही केली, सवयीनं तिकीट उचललं आणि जीभ बाहेर काढली.

"आबा!" ऋजुता ओरडली.

"आजोबा, नको!" नदाफ मॅडम खुर्चीतून उठल्याच. त्यांनी धावत जाऊन वाटीभर पाणी आणलं. संध्याकाळी कार्यालय बंद होईपर्यंत आबा सह्या करत होते, ऋजुता बोट भिजवून तिकिटं लावत होती, आणि नदाफ मॅडम अधूनमधून आबांच्या तोंडाकडं संशयानं बघत होत्या.

घरी आल्यावर ऋजुतानं आजीला सगळं सांगितलं. ती आता हसेल, असं तिला वाटलं होतं. आजीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि कितीतरी दिवसांनी थेट आबांकडं वळली.

"जीभ बँकेची, पटलं. मुलं नाहीत, तेही पटलं. मला तसं कधी वाटलंच नव्हतं."

"मग एवढी का..."

"मला खात्री होती, तुम्हाला नव्हती! मला म्हणालात, मी काही केलेलं नाही, आणि लगेच पंचा घेऊन नदीवर. बायको सांगते की असं काही नाही, तर ते खोटं. मोबाइल सांगतो की आहे, तर दहावा! तीन-तीन पोरांचा!"

 लग्न लावणारे अवधानी गुरुजी ऋजुताचा फोन मिळून त्याच वेळी दारात आले, म्हणून आबांना सुटल्यासारखं वाटलं. पण गुरुजी वेगळंच घेऊन आले होते. ते आबांपेक्षा लहान, गोल, घामट आणि ग्रंथांच्या बाबतीत निर्दय होते.

"मुकुंदराव, सुतक नाही हे उत्तम. पण एक घोटाळा आहे. तुम्ही घाटावर तीन वेळा पिंड दिलेत. कुणाला?"

"मलाच, असं आता दिसतंय."

"म्हणजे तुमचे अंत्यविधी यथासांग झालेत. आणि कावळाही शिवलाय. शास्त्रानं तुम्ही गेलात. गेलेला माणूस लग्नात उभा राहू शकत नाही."



"उपाय आहे," गुरुजी घाईनं म्हणाले. "मेला असं समजून ज्याचे विधी झाले तो परत आला, तर काय करायचं ते जुन्या ग्रंथात दिलंय. त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा. तुपाच्या भांड्यातून बाहेर यायचं, मग बारसं, मग मुंज, आणि मग लग्न. शनिवारी सकाळी लवकर सुरू केलं तर ऋजुताच्या मुहूर्तापर्यंत तुम्ही वयात याल."

"लग्न कुणाशी?" आजीनं विचारलं.

"त्याच पत्नीशी. तिची संमती असेल तर."

खोलीत सगळे आजीकडं बघायला लागले. आजीनं पदर सारखा केला. लग्नाला साठ वर्षं होत आली होती, आणि तिची संमती विचारायला माणूस आज पहिल्यांदाच घरी आला होता.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

शुक्रवार गेला, तिनं काही सांगितलं नाही. शनिवारी सकाळी मंगल कार्यालयात आबांचा जन्म झाला. तुपाची किंमत बघता गुरुजींनी प्लास्टिकच्या टबात पाणी आणि वर दोन चमचे तूप अशी तडजोड मान्य केली. टबातून बाहेर येताना आबांचा गुडघा अडकला आणि कैवल्यनं त्यांना इंजिन उतरवतात तसं काखेत धरून अलगद जगात आणलं. बारशाच्या घुगऱ्या वाटल्या. मग मुंज. लंगोटी, हातात दंड, आणि आबा भिक्षा मागत पहिल्यांदा आजीसमोर येऊन उभे राहिले. आजीनं मूठभर तांदूळ झोळीत घातले.

"संमतीचं काय?" आबांनी हळूच विचारलं.

"बटूनं बायकांशी बोलू नये," आजी म्हणाली.

मुहूर्ताला थोडाच वेळ उरला होता. ऋजुता शालूत घामाघूम झाली होती, कैवल्यची बॅग गाडीत ठेवलेली होती, गुरुजी घड्याळ आणि आजी यांच्याकडं आळीपाळीनं बघत होते. एवढ्यात दारात माणसं यायला लागली. ओळखीची नव्हती. डिसोझांचा नातू केक घेऊन आला होता. भंडाऱ्यांच्या घरचे गुळाची ढेप घेऊन. संचालनालयाच्या माणसानं काल घरी येऊन विसरलेला पैसा हातात ठेवला आणि तो कुणी दिला तेही सांगितलं, म्हणून सगळे बघायला आले होते. शेवटी सुनेच्या दंडाला धरून एक म्हातारी आत आली, नव्वदीच्या पुढची, डोक्यावर पदर, तोंडात एक दात.

"देशिंगकर शिपाई कुठाय?" तिनं खणखणीत आवाजात विचारलं. "मी सुशीला गोंधळी. दुधाचे पैसे मिळाले म्हणून सांगायला आले."

आजी खुर्चीवरून उठली. म्हातारीला तिनं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग लंगोटीतल्या आबांना न्याहाळलं.

"अहो," ती म्हणाली, "हा बघा तुमचा मुलगा आला. वळण मात्र तुमच्यावर नाही गेलं."

आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला खुर्ची धरावी लागली. म्हातारीला काही कळलं नाही, पण तीही एका दातानं हसायला लागली. आबा दंड धरून उभे होते. ते म्हणाले, "चुकलं माझं. सरकारचं ऐकण्याआधी तुझं ऐकायला हवं होतं."

"मोठ्यानं बोला. पाहुण्यांना ऐकू जाऊ दे."

आबांनी मोठ्यानं सांगितलं. भंडाऱ्यांच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

"संमती आहे," आजी गुरुजींना म्हणाली. "पण एक अट. नाव ठेवायचं ताट आणा."

तांदळाचं ताट आलं. लग्नात नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, ते.

"मागच्या वेळी यांनी मला न विचारता सुनीती लिहिलं," आजी म्हणाली. "चांगलं नाव आहे, तक्रार नाही. पण माझं नाव द्वारका होतं. ती त्या दिवशी गेली ती गेलीच. तिचं सुतक कुणी एक दिवसही पाळलं नाही."

 घाईत असलेले गुरुजीसुद्धा घड्याळाकडं बघायचे थांबले. आबा पाटावर बसले, अंगठी हातात घेतली.  आजीनं त्यांचं मनगट धरलं, आणि दोघांनी मिळून तांदळात लिहिलं : द्वारका. आबांनी ते एकदा मनात वाचलं, मग तोंडानं म्हणून बघितलं. साठ वर्षांत त्यांनी बायकोला नावानं हाक मारलेली नव्हती. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज जरा चढला, तिसऱ्यांदा आणखी, आणि चौथ्यांदा आजीनंच त्यांना थांबवलं. "पुरे आता, झिजेल."

त्यानंतर ऋजुताचं लग्न झालं, तसं बघितलं तर घाईघाईतच. मंगलाष्टकं निम्मी डिसोझांच्या नातवानं म्हटली. त्याला पाठ होती, का ते कुणी विचारलं नाही. अंतरपाट दूर झाला तेव्हा आबा तिच्या मागं उभे होते, आजच जन्मलेले, आजच मुंज झालेले, मुंडावळ्या सोडायला विसरलेले. कैवल्यनं माळ घातली आणि घड्याळाकडं बघितलं. गोव्याच्या गाडीला अजून तास होता. तास म्हणजे पुष्कळ, असं तो म्हणाला.

दोघं नमस्काराला वाकले तर आजीनं पाय मागं घेतले.

"थांबा रे जरा," ती म्हणाली. "आशीर्वाद काय देऊ? आम्हीच अजून नवे आहोत."

आणि नव्या नवऱ्याचा हात धरून जिलबीच्या पंगतीकडं गेली.